गणपतच्या हातात काही नव्हतं

ठाकूरद्वार, मुंबई
८ जानेवारी १९५६

ती. सौ. सुनंदाताईस,
श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बडोद्याच्या थंडीचं तुझं वर्णन वाचून अण्णांनी स्वतःचा जुना स्वेटर तुझ्यासाठी काढून ठेवलाय. तो येईल तेव्हा मुकाट्याने आमच्या मेहुण्यांना, मनमोहनरावांना घाल.

कायद्याच्या पहिल्या वर्षाची परीक्षा एप्रिलात आहे. मी आणि गणपत एकाच पुस्तकावर अभ्यास करतो. तोच तो, काळाचौकीचा. त्याची आई सुभद्राबाई गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात आहे, वडील नाहीत. हा सकाळी कॉलेज करतो आणि मग कॉटन ग्रीनच्या वखारीत कारकुनी. तरी वर्गात प्रश्न विचारायला पहिला हात त्याचाच. परवा तो आपल्याकडे जेवला. अण्णांनी केलेलं बोंबलाचं भुजणं खाऊन म्हणाला, तुम्ही प्रभू लोक मासे बरे करता, पण तिखटाला घाबरता. अण्णा चक्क हसले.

शहरात मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, याशिवाय दुसरा विषय नाही. सभेला जाऊ नकोस, असं अण्णा रोज बजावतात. मी जातो, पण मागे उभा राहतो. हे त्यांना कळवू नकोस.

लोभ आहेच; चिडवलं म्हणून तो कमी करू नये.

तुझा,
श्याम

---

ठाकूरद्वार, मुंबई
२९ जानेवारी १९५६

चि. सौ. सुनंदास,
कमलाकांतचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर्तमानपत्रांतून इकडचं समजलंच असेल. आपल्या घरी सर्व जिवंत आहेत, हे आधी लिहितो.

श्याम अभ्यासाला म्हणून गणपतकडे गेला आणि कर्फ्यूमुळे तिथेच अडकला. तिथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि गणपत गेला. श्याम शेजारीच होता. तो परत आला तेव्हा अंगात गणपतचा सदरा होता. स्वतःचा कुठे गेला, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून तो नीट जेवत नाही, झोपत नाही. खाली कुणी दुकानाची फळी टाकली तरी भिंतीला चिकटून उभा राहतो. शेवटी त्याला मानसिक आजारांच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं आणि त्याला एकटं सोडू नका म्हणाले. तुझी आई असती तर तिला काही सुचलं असतं. मी नुसता त्याच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो.

तू दोन शब्द लिही. तुझं तो ऐकतो.

तुम्हा उभयतांस सुख असो.
अण्णा

---

बडोदे
४ फेब्रुवारी १९५६

चि. श्याम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अण्णांचं पत्र आलं. उपदेश करणार नाही. इकडे ये. इथे माडीवरची खोली रिकामी आहे. परीक्षा पुढच्या वर्षी दे, नाहीतर देऊही नकोस. हेही तसंच म्हणतात. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पण माझ्यासमोर बस.

गणपतला मी पाहिलं नव्हतं. तरी त्याचं तिखटाचं बोलणं कालपासून कानात आहे.

ताईवर माया असू दे, आणि उत्तर दे.
सुनंदाताई

---

ठाकूरद्वार, मुंबई
२६ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आता लिहू शकतो, म्हणून लिहितो.

गणपतच्या शेजारच्या राधाबाई गॅलरीत होत्या. गोळीबार सुरू झाला तशा त्या घाबरून खालीच बसल्या. गणपत त्यांना आणायला गेला. एका हाताने त्यांचा दंड धरला होता, दुसरा चौकटीवर होता. मी दारात होतो. तो राधाबाईंना आत ढकलून स्वतः वळला आणि पडला.

पोलिसांचं म्हणणं असं की त्या गॅलरीतून दगड येत होते.

मध्यंतरी कॉलेजला गेलो. सर बेकायदा जमाव पांगवण्याचं कलम शिकवत होते. एकाने विचारलं, बळ किती वापरायचं. सर म्हणाले, जरूर तेवढंच, त्याहून जास्त नाही, आणि सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मी उठून जिन्यात बसलो. मग तिथून चालत काळाचौकीला गेलो.

सुभद्राबाईंनी एकच विचारलं, माझ्या झिलाच्या हातात दगड होतो काय रे. नव्हता, म्हणालो. त्या म्हणाल्या, मग ह्या थंय कोण सांगतलो?

मृत्यूची चौकशी मार्चमध्ये आहे. राधाबाईंना मुलाने गावी नेलंय. पाहिलेला मी एकटा उरलो. अण्णा नको म्हणतात. साक्षीत माणसाचं काय करतात ते त्यांनी सॉलिसिटरच्या कचेरीत जन्मभर पाहिलंय. मी जाणार आहे. तोपर्यंत बडोद्याला येत नाही.

राग आला तरी लोभ राहू दे.
श्याम

---

बडोदे
३ मार्च १९५६

ती. अण्णांस,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

श्यामला अडवू नका. मलाही त्याची भीती वाटते. पण तो गप्प राहिला तर आयुष्यभर त्या दारातच उभा राहील. तुम्ही मात्र बरोबर जा. एवढं माझं ऐका.

कृपा असावी.
सुनंदा

---

ठाकूरद्वार, मुंबई
२५ मार्च १९५६

चि. सौ. सुनंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून गेलो. श्यामने सगळं सरळ सांगितलं. मग पोलिसांच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही मानसिक आजारांच्या डॉक्टरांकडे जाता, हे खरं ना. त्यांना ते कुठून कळलं, ठाऊक नाही. मी मागच्या बाकावर होतो. मान वर करवेना. श्याम म्हणाला, खरं आहे, झोप येत नाही. जे पाहिलं त्यामुळेच येत नाही. वकिलांनी मान हलवली आणि ते खाली बसले. निकालात आलं की गोळीबार कर्तव्यात झाला, आणि साक्षीदाराची मनःस्थिती पाहता त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही.

सुभद्राबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. आतलं सगळं इंग्रजीत झालं, त्यांना काही कळलं नव्हतं. मी शेजारी बसून सांगितलं. श्याम काय म्हणाला, वकील काय म्हणाले, निकाल काय लागला. डॉक्टरचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तरी त्येनी सांगल्यान मा? होय म्हणालो. तेव्हा म्हणाल्या, त्येका आधी जेवूक घालूया.

आम्ही काळाचौकीला त्यांच्याकडेच जेवलो. श्यामने भात पुन्हा मागून घेतला. यंदा तो परीक्षेला बसणार नाही. पुढचं त्याने काही ठरवलेलं नाही आणि मी विचारत नाही.

खोलीत उकाडा फार होता. गॅलरीचं दार लावलेलं होतं. ते उघडावं, असं कुणी म्हटलं नाही.

सुट्टी मिळाल्यास येऊन जा.
अण्णा