हाताला काम

कोरेगाव,
ता. १२ एप्रिल १९४६

चि. राहीस,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहितो. तुझी वहिनी बरी आहे. पाडव्याला गुढी तिनेच उभारली, मी नुसता काठीला हात लावला.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तुझा ज्ञानू पंचवीस तारखेला पुण्याच्या तुरुंगातून सुटतोय हे वाचून वहिनीने देवापुढे साखर ठेवली. तुझे दीर कोंडीबा त्याला आणायला जाणार, हेही बरं झालं. गाडी कोरेगावला थांबेल तेव्हा मी फलाटावर हार घेऊन उभं राहावं, माझ्या हाताने तो ज्ञानूच्या गळ्यात घालावा आणि त्याच गाडीने तुझ्याकडे यावं, असं तू लिहिलंस. कोंडीबा स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि गावाची तोंडं बंद होतील, असंही लिहिलंस. त्याला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले.

आधी तब्येतीचं, कारण तू विचारलंस. कंपवात जाणारा रोग नाही, हे साताऱ्याच्या वैद्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच, मास्तर, बसू नका. म्हणून मी बसत नाही. पहाटे उठून ताक घुसळतो. दुपारी वाती वळतो. गल्लीतल्या बायका हसतात, पण अर्ध्या कोरेगावच्या निरांजनांत माझ्याच वाती जळतात. गंमत अशी की हात मांडीवर मोकळा पडला की थरथरतो, आणि त्याला काम दिलं की गप्प होतो. दोरी धरली, कापूस धरला, तांब्या घट्ट पकडला की थांबतो. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

पाय उंबऱ्याशी चिकटतात. वहिनीने अंगणात चुन्याचे पट्टे ओढून दिलेत, पोरांना कवायत शिकवायचो तसं एक-दोन म्हणत मी ते ओलांडतो. रोज स्टेशनपर्यंत जाऊन येतो. अक्षर मात्र गेलं. ओळीच्या सुरुवातीला बरं असतं, शेवटाला मुंगीएवढं होतं. घाणेरड्या अक्षरासाठी मी किती पोरांना छड्या मारल्या असतील. तुलाही पाटीवर मीच गिरवायला लावलं. त्याचं आज बरं वाटतं, कारण हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

औषध म्हणून खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण दुधातून घेतो. त्या शेंगांवरची लव अंगाला लागली तर माणूस खाजवून वेडा होतो. बनुबाई, आपल्या गुऱ्हाळवाल्या जोतीरामची बायको, कुंपणावरच्या शेंगा काढून, सोलून, कुटून दर अमावास्येला आणून देते. जोतीराम गेल्यापासून एक अमावास्या तिने चुकवली नाही. मी नको म्हणालो तर म्हणाली, "आवं मास्तर, तुमच्या भाच्याला आसरा देताना माझा धनी गेला. ते वाया गेलं न्हाई म्हणायला तुमी तरी चालतं-बोलतं ऱ्हावा." मी चूर्ण घेतलं. अजून घेतो.

आता लिहायचं ते लिहितो.

येत्या भाद्रपदात दोन वर्षं होतील. ज्ञानू भूमिगत होता आणि दोन दिवस माझ्याकडे राहून गेला होता. पोलीस मला चौकीत घेऊन गेले. मला कुणी मारलं नाही आणि मी एक शब्द बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ज्ञानू आणि जोतीराम धरले गेले. जोतीरामला इतकं मारलं की दिवाळी बघायला तो उरला नाही. लोक म्हणाले, मास्तर चौकीत लटलटा कापत होता, त्यानेच सांगितलं. कोंडीबा म्हणाले, भाचा धरला तरी मामाच्या तोंडावरची रेघ हलली नाही. मी तुला लिहिलं की हात कापतो तो रोगाने, चेहरा हलत नाही तोही रोगाने. ते खरं होतं. त्या खऱ्याच्या आड मी लपलो.

तू भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून सगळ्या गावापुढे म्हणालीस, "माझा दादा मरंल, पण बोलायचा न्हाई." सासरचा रोष पत्करून दोन भाऊबीजा ओवाळायला आलीस. मी ओवाळून घेतलं.

राही, त्या फौजदाराने मला खुर्ची दिली, चहा दिला. मग समोर बसून माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, वैद्य घेतो तसा. आणि सावकाश एकेक जागा म्हणत गेला. देऊळ. मळा. धर्मशाळा. पाणचक्की. हात नेहमीसारखा थरथरत होता. मग तो म्हणाला, गुऱ्हाळ. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, तिथे ज्ञानू आहे हे मला आणि जोतीरामला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. माझा हात त्याच्या मुठीत मासा तडफडावा तसा उडाला. मग त्याने गुऱ्हाळवाल्यांची नावं घेतली. चौथं नाव जोतीरामचं, तिथे हात पुन्हा उडाला. फौजदाराने हात माझ्या मांडीवर ठेवून दिला आणि म्हणाला, "मास्तर, लय उपकार झालं. जावा घरी."

इथवर वाचून तू म्हणशील, त्यात दादाचा काय दोष, रोगाने घात केला. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण चहाचा पेला माझ्यासमोरच होता. हात सोडवून घेऊन तो घट्ट धरला असता तर हात थांबला असता. मला ते ठाऊक होतं आणि त्या वेळी आठवलंही होतं. शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी तळपायांवर काठी वाजत होती. माझ्या पायांवर ती बसेल या भीतीने मी पेल्याला हात लावला नाही. तोंडाने बोलायचं नाही आणि सुटायचंही, असा मार्ग मला दिसला आणि मी तो घेतला.

म्हणून एवढं कर. हे पत्र कोंडीबांच्या हाती दे. माझी लाज राखायला फाडून टाकू नकोस. ज्ञानूने गाडीत बसायच्या आधी ते वाचावं. बनुबाईला मी आजच सांगणार आहे. त्यानंतर ती चूर्ण आणणार नाही, आणू नये. पंचवीस तारखेला पाय किती साथ देतील सांगता येत नाही, म्हणून पहाटेच निघेन.

मी फलाटावर असेन. हार आणणार नाही. गाडीतून उतरायचं की नाही, आणि उतरून काय करायचं, ते ज्ञानूने ठरवावं. माझा हात थरथरताना दिसेल, तेव्हा मामा आजारी आहे म्हणून त्याने मला सोडून देऊ नये, एवढं त्याला सांग.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
दादा
(नाथाजी)