रोषणाईची पेटी

आगाशी, ४ जानेवारी २०२६

चि. अश्लेषास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्यामागे सतत गोंगाट असतो, म्हणून लिहितो. गुरुवारी सकाळी पूजेला जास्वंदी काढून आलो, तर तुझी मामी चहा उतू जाऊ देऊन टीव्हीसमोर उभी. तुमच्याच चॅनेलवर आपला मुनाफ, दर माघी उत्सवात आपल्या गणपतीच्या देवळावर रोषणाई करणारा. खाली पट्टी, ‘नालासोपाऱ्यात दहशतवाद्यांचा अड्डा?’ त्याच्या खोलीतली तारा-टायमरची पेटी पुन्हापुन्हा दाखवत होते. अगं, माळा धावत्या दिसाव्यात म्हणून ते टायमर. पेटीही देवळाची. एका अंगावर ‘श्रीगणेश मंदिर, आगाशी’ असं मीच रंगवलंय. नेमकं तेच अंग कॅमेऱ्यात नव्हतं.

कुणा संशयिताने त्याच्याकडून जुनी बॅटरी नेली होती, एवढंच निघालं. पोलिसांनी त्याला संध्याकाळी सोडलं. पेटी देवळात आणून ठेवत तो म्हणाला, यंदा मला बोलावू नका, तुमच्याकडे बोट दाखवतील. काही विश्वस्तांना ते सोयीचंच वाटलं. पुढच्या रविवारी बैठक आहे. त्याआधी तो सुटल्याचं तुम्ही दाखवलंत, तर मला बोलायला जोर येईल. बघतेस का?

मामी विचारते, रात्रपाळीला जेवतेस ना? खरं लिही.

तुझा
शांताराममामा


मुंबई, ८ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस सा. न. वि. वि.

जेवते. कधीकधी वडापाव. मामीला पहिलंच वाक्य वाचून दाखवा.

संपादकांकडे गेले होते. ते म्हणाले, सुटलेल्या माणसाची बातमी होत नाही. मी म्हटलं, गेल्या महिन्यात आपल्या धर्मातला एकजण स्फोटकांसह सापडला, तेव्हा आपण ‘माथेफिरू तरुण’ म्हटलं, त्याच्या आईला भेटलो. मुनाफचाचांकडे काही सापडलं नाही, तरी अड्डा कसा? ते हसले. त्यांना रोज दोन्हीकडचे फोन येतात, दोघेही आम्हालाच पक्षपाती म्हणतात, म्हणजे आपण मधोमध आहोत, असा त्यांचा हिशोब. मला तो पटला नाही. भांडून शेवटी वेबसाइटवर दोन ओळी मिळाल्या. त्या बहुधा मीच वाचल्या.

मामा, ती पट्टी माझ्याच पाळीत गेली. पुढचं प्रश्नचिन्ह मी घातलं. तेवढंच माझ्या हातात होतं. लहानपणी चाचा मला उचलून रोषणाईचं बटण दाबायला द्यायचे, ते सारखं आठवतंय.

रागावला असलात तरी पत्र लिहाच.

तुमची
अश्लेषा


आगाशी, १८ जानेवारी

चि. अश्लेषास अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. भांडलीस, हे मामीचं शेजारी सांगून झालंय. वडापावचंही तिने वाचलं. तिळाचे लाडू त्यासाठीच पाठवतोय.

बैठकीत दोन ओळी वाचून दाखवल्या. विश्वस्तांपैकी जितेश म्हणाला, टीव्ही सगळ्यांनी पाहिला, हे कोण पाहणार? बराच वाद झाला. शेवटी ठरलं, बोलावायचं तर शांतारामच्या जबाबदारीवर. मी लगेच हो म्हणालो नाही, तेवढं तुला सांगतो. घरी आलो, देवापुढे बसलो. मागणं काही सुचलं नाही, पेटीच डोळ्यांपुढे येत राहिली.

परवा आरती आटोपून पेटी उचलली आणि बाजारातून भर गर्दीत निघालो, नाव बाहेरच्या बाजूला ठेवून. मासे विकणाऱ्या मेरीने हटकलं, गनपतीचं सामान घेऊन शांताराम कुठं चालला? म्हटलं, मुनाफकडे. ती मोठ्याने म्हणाली, त्याला सांग, आमच्या चर्चच्या सणाच्या माळा पन बाकी हायेत. बसमध्ये पेटी मांडीवर घेतली. लोक नाव वाचत होते, मग माझ्याकडे बघत होते.

मुनाफच्या चाळीत सगळी दारं उघडली. मी पेटी त्याच्या उंबऱ्यावर ठेवली, नाव रस्त्याकडे करून. तो म्हणाला, दादा, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, “तू वर चढ. शिडी मी धरतो.”

गुरुवारी उत्सव आहे, रजा काढ. बटण दाबायला आता तुला उचलावं लागणार नाही. मामावर माया आहेच, ती तशीच राहू दे.

आज दिवसभर मुनाफ कळसापाशी माळा बांधत होता. मी खाली शिडी धरून उभा होतो.

तुझा
शांताराममामा