चौथ्या दिवसाचा फोन

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, गाड्यांच्या शोरूममधून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. उजवा गुडघा कामातून गेला आहे, हृदयाचा भरवसा नाही असं डॉक्टर म्हणतात, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा एवढं माझ्याकडे नाहीच, हे पुढे वाचल्यावर कळेल. पाच वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं होतं ते सगळं वगळलं होतं, म्हणून ते रद्द समजावं.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची चिंचोळी गॅलरी, हे सर्व माझ्या दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावं. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही हे विचारणारे एकेक करून वारले, तेव्हा आता त्याचं उत्तर देत बसत नाही. माझ्या मालमत्तेवर हक्क सांगेल असं दुसरं कोणी नाही.

कलम २. बँकेत आहे त्यातून आधी माझ्या औषधपाण्याचा आणि शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते भाचीचं.

कलम ३. लाकडी कपाट, भिंतीवरचं घड्याळ आणि चांगली भांडी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला द्यावीत. तिने गेल्या हिवाळ्यात मला न्हाणीघरातून एकटीने उचलून आणलं आणि त्याचा गवगवा केला नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना मात्र काही देऊ नये. सतरा वर्षं ते त्यांची स्कूटर जिन्याच्या तोंडाशी लावतात आणि सांगायला गेलं की ‘दोन मिनिटं’ म्हणतात. ती दोन मिनिटं मी मेल्यावर तरी संपावीत, ही इच्छा.

कलम ४. माझ्या धंद्याची हत्यारं म्हणजे कानाला लावायचा एक जुना हेडफोन आणि एक्केचाळीस वह्या. हेडफोन फेकून द्यावा. वह्यांबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

एकोणतीस वर्षं मी एकच काम केलं. शोरूममधून गाडी सर्व्हिसिंग होऊन गेली की चौथ्या दिवशी मालकाला फोन करायचा. ‘नमस्कार, आपण आपल्या गाडीबद्दल समाधानी आहात का? दहापैकी किती गुण द्याल?’ मालक बोलेल ते बोलेल, छापील फॉर्मवर भरायचा फक्त आकडा. सात किंवा त्याच्या खाली आकडा पडला की वर्कशॉपला चिठ्ठी जायची आणि गाडी परत बोलावून तपासावी लागायची. आकडा आठ किंवा त्याच्या वर गेला की त्या गाडीचं पान बंद. मग मालकाने फोनवर रामायण सांगितलेलं असो, ते कोणी वाचायचं नाही.

मला ते बरं वाटायचं नाही. म्हणून आकडा फॉर्मवर आणि माणसाचे शब्द माझ्या वहीत, अशी सवय मी पहिल्याच महिन्यात लावून घेतली. वह्या चाळल्या तर गंमत वाटेल. एक मास्तर म्हणाले होते, ‘गाडी जावयापेक्षा भरवशाची आहे, निदान बोलावल्यावर येते.’ एका बाईंनी आठ दिले. मी म्हटलं, अजून दोन द्या की! तर म्हणाल्या, ‘दहा मी देवालाही देत नाही.’ एक म्हातारे दर वेळी न येणारा आवाज सांगायचे. आवाज गाडीत नव्हता, त्यांच्या घरातही कोणाचा नव्हता, म्हणून ते माझ्याशी वीस मिनिटं बोलायचे.

एवढ्या वर्षांत मला एक कळलं. ज्याची गाडी सारखी रस्त्यात बंद पडते तो हमखास दहा देतो, कारण आपण फसलो हे त्याला कबूल करायचं नसतं. आणि ज्याची गाडी खरोखर चांगली, तो सात देऊन मोकळा होतो, कारण त्याला गाडीबद्दल काही आठवतच नाही. मी स्वतः कधी गाडी घेतली नाही.

हे झालं मालकांचं. आमचंही सांगते. शाखेला दहाच हवे असायचे. नऊ म्हणजे नापास, असं आमचे साहेब म्हणायचे. म्हणून आम्ही गोड आवाजात आकडा वाढवून घ्यायचो. ‘काही असेल तर मी वर्कशॉपला वेगळं सांगते, तुम्ही आकडा तेवढा दहा द्या’ हे वाक्य मी किती वेळा बोलले त्याला गणती नाही. बहुतेक वेळा मी वर्कशॉपला सांगायचेही. बहुतेक वेळा.

कलम ५. एकोणिसाव्या वहीचं शेवटचं पान. हे कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून वाचणाऱ्याने सावकाश वाचावं.

माझ्या दादाने गाडी माझ्यामुळे आमच्याच शोरूममधून घेतली. तेवीस वर्षांपूर्वी त्या गाडीचं सर्व्हिसिंग झालं आणि चौथा दिवस नेमका महिन्याचा शेवटचा दिवस आला. सगळ्या शाखांमध्ये समाधानाची ढाल आम्हाला मिळायला एक दहा कमी पडत होता. साहेब माझ्या टेबलामागे उभे. मी दादाला फोन लावला.

‘नमस्कार, आपण आपल्या गाडीबद्दल समाधानी आहात का?’

‘कोण? आमच्या बाईसाहेब का? अगं, रविवारी जेवायला आलीस तेव्हा विचारायचं ना!’

‘दादा, नीट उत्तर दे. साहेब इथेच आहेत.’

मग तो बोलला ते मी वहीत शब्दाला शब्द उतरवलं आहे. ‘गाडी झकास आहे. एकच, सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की पाय पार खाली जातो. दुसऱ्यांदा दाबला की लागतो. सर्व्हिसिंगच्या आधी असं नव्हतं. बाकी हल्ली लेकच चालवते बरं का! छान चालवते. पाय हलका आहे तिचा, माझ्यापेक्षा गाडीला जपते. मी सहा देतो, म्हणजे ते बोलावून बघतील.’

त्याला सात-आठचा नियम माहीत होता. मीच कधीतरी जेवताना सांगितला होता. त्याने विचार करून सहा म्हटलं होतं. आणि मी म्हणाले, ‘दादा, माझ्यासाठी दहा दे ना रे. ब्रेकचं मी फोरमनना स्वतः सांगते.’

तो हसला. म्हणाला, ‘घे. तुझ्यासाठी शंभर.’

मी दहा लिहिले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, केक आणला, माझा फोटो काढला. फोरमन वर्कशॉपमधून हात पुसत केक खायला आले आणि माझ्याशेजारीच उभे राहिले. मी त्यांना सांगितलं नाही. कोणी अडवलं नव्हतं, भीती नव्हती, काही नव्हतं. मी विसरले. मी इतकी खूश होते की माझ्या सख्ख्या भावाचा ब्रेक मी विसरले. रविवारी जेवायला गेले नाही, कारण ढाल आणायला मुख्य कार्यालयात गेले होते.

त्या फोननंतर बाराव्या दिवशी सकाळी साडेसात वाजता दादा घरासमोरच्या उतारावरून खाली आला. उतार संपतो तिथे मोठा रस्ता लागतो. गाडी थांबली नाही. ट्रकवाल्याचा काही दोष नव्हता.

कलम ६. गाडी इतकी चेपली होती की तपासणाऱ्यांना काही सांगता येईना. दादाच्या दिवाणखान्यात बसून विम्याच्या माणसाने विचारलं, ‘ही गाडी आणखी कोण चालवायचं?’ भाची तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती म्हणाली, ‘मी. आदल्या संध्याकाळीही मीच चालवली.’ तेव्हा आमचे फोरमन, भेटायला आलेले, सहज बोलून गेले, ‘नवशिक्यांचा पाय सारखा ब्रेकवर असतो हो. ब्रेक जळतात त्याने.’

वहिनीने मुलीकडे पाहिलं. मी त्याच खोलीत होते. हातात पाण्याचे पेले होते, ते मी सगळ्यांना दिले आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेले.

त्यानंतर भाचीने स्टिअरिंगला हात लावला नाही. शाळेत विज्ञान शिकवते, दोन बस बदलून जाते. एक चांगली नोकरी गाडी चालवावी लागेल म्हणून सोडली. एक चांगला मुलगाही त्याच पायी गेला, असं मला वाटतं. तिने कधी सांगितलं नाही. वहिनीने तिला आयुष्यात एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त गाडीचा विषय निघाला की वहिनी उठून आत जायची. मुलीला तेवढं पुरलं. वहिनी सहा वर्षांपूर्वी गेली, ती लेकीच्याच हातून हे झालं असं समजून गेली.

आणि ही पोर गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची. माझी नखं कापायची. औषधांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या लावायची. एकदा केस विंचरताना म्हणाली, ‘आत्या, तेव्हा तू नसतीस तर मी वेडी झाले असते गं.’ मी म्हटलं, ‘हळू विंचर, ओढतंय.’ एवढंच बोलले.

म्हणून मी इथे स्पष्ट नमूद करते की माझ्या भावाच्या मृत्यूला त्याची मुलगी कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. बिघाड तिच्या पायाने झालेला नव्हता, तो सर्व्हिसिंगनंतर आलेला होता, आणि तो मला बारा दिवस आधी कळलेला होता.

कलम ७. फोरमनबद्दल माझ्या मनात तेवीस वर्षं राग होता. त्यांनी ते वाक्य बोलायला नको होतं, असं मी स्वतःला समजावत आले. या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला त्यांना बोलावलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, ‘बाई, मी बोललो ते अडाणीपणाने बोललो. तुम्ही जाणून गप्प बसलात.’ तो राग मी या कलमाने मागे घेते. तो त्यांचा नव्हताच.

कलम ८. हे कलम आधीच्या मसुद्यात नव्हतं. वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, ‘हे ती वाचेल तेव्हा तुम्ही नसाल. मग तिने भांडायचं कोणाशी?’

मी म्हटलं, ‘माझ्यात तेवढा जीव नाही.’

‘तिच्यात होता का, एकोणिसाव्या वर्षी?’

त्याच आठवड्यात गुरुवारी भाची आली तेव्हा मी तिला एकोणिसावी वही उघडून दिली. ती गोळ्या लावत होती. उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘पाय हलका आहे तिचा’ या ओळीवर तिचं बोट थांबलं. मी पाहिलं.

‘आईला माहीत होतं?’

‘नाही.’

‘ती सहा महिने अंथरुणावर होती. तू रोज यायचीस. तिच्या उशाशी बसायचीस. एकदाही, आत्या?’

‘नाही.’

‘बाबा माझ्याबद्दल असं म्हणाले होते, हे तरी सांगायचंस. ब्रेकचं नसतं सांगितलंस. एवढं तरी सांगायचंस.’

तिच्या आवाजात राग असता तर मला सोसवलं असतं. मी काहीतरी बोलू लागले, की मी तेव्हा, की माझी परिस्थिती, असंच काही. ती म्हणाली, ‘नको.’ मग ती वळली आणि राहिलेल्या गोळ्या लावल्या. बुधवारपर्यंतचे सगळे कप्पे भरले, डबी बंद केली, वही पिशवीत घातली आणि गेली. दार हळूच लावून घेतलं.

याला आज अकरा दिवस झाले. ती आलेली नाही. आता गोळ्या शिंपीणबाई लावते.

कलम ९. भाची आली नाही तरी कलम १ आणि २ जशीच्या तशी राहतील. घर तिला नको असेल तर तिने विकावं, कोणाला द्यावं, कुलूप लावून ठेवावं. घर देऊन मी काही फेडते आहे असं कोणी तिला म्हणू नये. फिटण्यासारखं हे नाही, आणि मी तिच्याकडे माफी मागितलेली नाही, कारण मागितली की तिला द्यावी लागेल. तिचा स्वभाव तसा आहे.

मी गेल्यावर तिला बोलावणं धाडू नये. शिंपीणबाईने फक्त कळवावं आणि फोन ठेवावा. पण त्यानंतर कधी, महिन्याने, वर्षाने, तिने या घरी फोन केला आणि ती माझ्याबद्दल बोलू लागली, तर ज्याच्या हाती फोन असेल त्याने तिचं सगळं म्हणणं संपेपर्यंत ऐकावं. समजूत घालू नये. ‘जाऊ दे’ म्हणू नये. आपली बाजू मांडू नये, माझी तर मुळीच मांडू नये. ती जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून घ्यावं, आणि ती थांबल्यावर विचारावं, ‘आणखी काही?’

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. आणखी सौम्य करून देऊ का, असं वकीलबाईंनी विचारलं. मी नको म्हटलं.

ठिकाण: माझं राहतं घर, पुढची खोली.
तारीख: नऊ मार्च, सोमवार, सकाळी अकरा.

लिहून ठेवणारी: (सही) फोनवाल्या बाई

साक्षीदार पहिले: (सही) वर्कशॉपचे निवृत्त फोरमन. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: (सही) वकीलबाई. शिंपीणबाईला या कागदाने वस्तू मिळतात, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही. सही होईपर्यंत ती बाहेर जिन्यात उभी होती, कोणी येतंय का ते बघत. कोणी आलं नाही.