सहा पेट्यांची शेती

९ एप्रिल, मंगळवार

विसरले! स्पंज काढायलाच विसरले!

रविवारी पहाटे मधमाश्यांच्या सहा पेट्या कॅरिगनच्या माळावर नेऊन ठेवल्या. नेताना माश्या बाहेर पडू नयेत म्हणून पेटीच्या दारात स्पंज कोंबतात. जागेवर पोचलं की पहिलं काम — तो उपसायचा. हिल्मर म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, जेवायला विसर, पगार मागायला विसर, पण दारं उघडायला विसरू नकोस." आणि मी! फाटकावरचा रखवालदार म्हणाला, ट्रक हलव, साहेबांचे पाहुणे येतायत. हलवला. तिथून नदी दिसली. पाणी इतकं हिरवं की बूट काढून पाय सोडून बसले. मग झुडपात चिलखती पाठीचा एक आर्माडिलो खुडबुडत होता, त्याच्यामागे किती गेले कुणास ठाऊक. मग थेट परत.

दोन दिवस रणरणतं ऊन पडलंय. आज जेवताना खुर्चीच्या फाटक्या उशीतून स्पंज डोकावताना दिसला आणि ताट तसंच सोडून उठले.

उजाडलं की जाते. कदाचित दोन-तीन तरी वाचल्या असतील.

१० एप्रिल

सहाही मेल्या.

आतलं मेण वितळून खाली बसलेलं. तळाशी माश्यांचा ओला थर, बोटभर जाड. वास अजून नाकातून जात नाही. एका थरात राणी सापडली, पाठीवर हिरवा ठिपका. म्हातारा आपल्या प्रत्येक राणीला नेलपॉलिशचा हिरवा ठिपका लावतो. दुकानातली पोरगी बाटली देताना दर वेळी विचारते, "आज कुठे नाचायला, मिस्टर हिल्मर?" इथल्या पंचक्रोशीत असला हिरवा दुसरा कुणी लावत नाही.

सगळं खरवडून नदीकाठी पुरलं. झाकणं लावली. लांबून पेट्या होत्या तशाच दिसतात. पांढऱ्या, छान.

म्हाताऱ्याला सांगितलं नाही. सांगणार होते. तो अंडी तळत होता, मी म्हटलं, "मीठ कमी घाला."

१२ एप्रिल

कॅरिगनला मध नकोच आहे. त्याच्या घरात अकरा न्हाणीघरं आहेत (रंगाऱ्याने मोजली), पण मधाची बाटली नसेल. त्याला हव्यात पेट्या. इथे टेक्ससात जमिनीवर माश्या पाळल्या की ती जमीन शेती ठरते, आणि शेतीला कर नावापुरता. म्हाताऱ्याच्या पेट्या अशा चौदा बंगल्यांवर आहेत. तो म्हणतो, "मी मध कुठे विकतो गं? मी श्रीमंतांना शेती भाड्याने देतो." आधी हसतो, मग हसायचा थांबतो.

पेट्या रिकाम्या आहेत असं कळलं तर कॅरिगनला पूर्ण कर बसेल, मागच्या वर्षांचासुद्धा. तो म्हाताऱ्याला हाकलेल. बाकीचे तेराही हाकलतील, ते सगळे एकाच क्लबात जेवतात. म्हातारा एकाहत्तरचा, खुब्यात लोखंड. आर्कान्सातून निघाल्यापासून मी सात नोकऱ्या केल्या. आधीची का सोडलीस, हे न विचारणारा हा एकटाच.

आणि महिनाअखेरच्या आत कर कचेरीचा तपासनीस येणार आहे.

१५ एप्रिल

आला! मी माळावरच होते. त्याने गाडी कुंपणाशी उभी केली. काच अर्धी खाली. बोटाने मोजलं — एक, दोन... सहा. खाली लिहिलं.

मी म्हटलं, "उतरणार नाही?"

"माशी चावली की माझा भोपळा होतो, बाई. झालं माझं."

गेलासुद्धा. मी पेटीवर बसून हसले. मेलेल्या पेट्यांची शेती! चालते की!

१७ एप्रिल

झोप नाही. ऑरेगॉनला निघून जावं का? व्हॅनचं मागचं टायर तेवढं टिकणार नाही.

१९ एप्रिल

मिस ओफेलियांबद्दल लिहायचं राहतंच आहे. त्यांच्याच मागच्या अंगणात माझी व्हॅन उभी असते, भाडं घेत नाहीत. ओफेलिया सामारिपा. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. शाळेला पैसे पुरेनात म्हणून गेल्या वर्षी नदीपलीकडचा फेरा बंद झाला आणि बाईंना घरी बसवलं. तरी पहाटे साडेचारला उठतात. आपल्या गाडीत जाऊन बसतात, इंजिन न लावता, कॉफी घेऊन. मी एकदा विचारलं, कुठे निघालात? म्हणाल्या, "कुठे नाही गं. ढुंगणाला सवय आहे."

आता त्या निवडणुकीला उभ्या आहेत. कुणाच्या जमिनीची किंमत किती धरायची आणि शेती कशाला म्हणायचं, हे ठरवणाऱ्या कचेरीवर एक मंडळ असतं. त्याची एक जागा पहिल्यांदाच मतांनी भरायची आहे, ४ मे. अशी काही निवडणूक आहे हे काउंटीत कुणाला माहीत नाही. कॅरिगनला आहे. त्याचा माणूस ब्रँट टॉलिव्हर, जमिनींचा दलाल. प्रत्येक वळणावर फलकावर त्याचे दात, खाटेएवढे! एक दिवसाआड टपालाने गुळगुळीत कागद येतो, वर मधमाशीचा फोटो — "माशी वाचवा, माळ वाचवा." छापायचा खर्च कॅरिगनचा, आणि माशी? माझ्याच हातून मेलेली असेल एखादी.

बाईंचे बोर्ड मोडक्या बसच्या सीटमागच्या फळ्यांचे. बावीस आहेत. आज मी फळ्या धरल्या, त्यांनी रंगवल्या. मध्येच एक सरडा रंगात पडला, त्याला धुण्यात माझा अर्धा तास गेला. निळा सरडा!

बाई म्हणाल्या, "माझ्या दोन खोल्या, त्यांना महालाचा कर. त्याचा महाल, त्याला गोठ्याचा. आणि पोरं बूट हातात घेऊन नदीतून शाळेला जातायत." मग ब्रश थांबवून, "तू जातेस ना तिथे? त्या पेट्यांत माश्या तरी आहेत का गं?"

मी म्हटलं, "मला व्हॅनचं ऑइल बदलायचंय."

२३ एप्रिल

ही वही दोन दिवस सापडत नव्हती! काय काय आठवलं, कुठे कुठे शोधलं! गादी उलटी केली. आज म्हाताऱ्याने स्वतःहून दिली. ट्रकच्या सीटखाली गेली होती.

"उघडली नाही," म्हणाला. "पोरींच्या वह्या उघडायच्या नसतात. लिओनाने शिकवलंय मला."

हुश्श.

मग बसवून गरम बिस्किटावर, म्हणजे इथल्या मऊ पावावर, मध घालून दिला. स्वयंपाकघराच्या मागे सहा पेट्या आहेत, त्यातला. त्या लिओनाच्या, बायकोच्या. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तेवढ्या सहाच त्याने कधी भाड्याने दिल्या नाहीत. कॅरिगनने एकदा दुप्पट देऊ केले तर म्हणाला होता, "ह्या पेट्यांना मी शेती म्हणत नाही, साहेब. ह्या माझ्या आहेत."

मी दोन बिस्किटं खाल्ली. तिसरं खिशात घातलं.

२५ एप्रिल

सांगितलं. मिस ओफेलियांना.

सकाळी उताराकडे गेले होते, नदी ओलांडायची तिथे. एक मुलगी, आठेक वर्षांची, बुटांच्या नाड्या गळ्यात बांधून पाण्यात. दप्तर डोक्यावर. मध्ये पाय घसरला, सावरली. काही झालं नाही. काहीच झालं नाही, पण मी परत येईपर्यंत घाम थांबला नव्हता.

बाई गाडीत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं ओकून टाकलं. स्पंज, ऊन, तपासनीस.

मला वाटलं टाळ्या वाजवतील. कॉफीच्या कपाकडे बघत राहिल्या.

"हिल्मरचं काय होईल?"

"संपेल."

"माझ्या लग्नात त्याने अ‍ॅकॉर्डियन वाजवलं होतं," म्हणाल्या. कप डॅशबोर्डवर ठेवला. "तुझं नाव घेणार नाही, डार्बी. त्याचंही नाही. फक्त जमीन म्हणेन."

जमीन म्हणा नाहीतर आकाश म्हणा, पेट्या कुणाच्या हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे! मी दोन म्हाताऱ्या माणसांपैकी एक निवडलं. असं निवडायला मला कुणी सांगितलं होतं?

२७ एप्रिल, शनिवार

अग्निशमनाच्या शेडमध्ये उमेदवारांची सभा. जेवण फुकट — ब्रिस्केटचं भाजलेलं मांस, बीन्स, पीचची पाई (फळ भरलेली गोड पोळी), सगळं कॅरिगनकडून. म्हणून तर साठ माणसं आली. कॅरिगन पुढे, इस्त्रीच्या जीन्समध्ये. म्हातारा शेवटच्या बाकावर, हॅट गुडघ्यावर.

टॉलिव्हर माश्यांवर बोलला. माशी नसेल तर पीच नाही, पीच नसेल तर पाई नाही. लोक हसले, पाई खात होते.

मग बाई उठल्या. त्यांना माईक नकोच, बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज आहे. "नदीकाठच्या माळावर सहा पेट्या आहेत. त्यांच्या जिवावर ती जमीन शेती आहे. त्या सहाही पेट्या रिकाम्या आहेत. एक माशी नाही."

कुजबुज. कॅरिगनने मागे वळून म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान वर केली नाही, ब्रिस्केट कापत राहिला.

टॉलिव्हर हसला. "मिस ओफेलिया, उद्या चर्चआधी, सकाळी दहाला, सगळ्यांनी या. उघडून बघू. पाहुणचार आमचा."

म्हातारा पाई न खाता उठून गेला. पीचची पाई त्याने सोडलेली मी कधी पाहिली नाही. उद्या तो माझ्याकडे बघेल.

२८ एप्रिल, रविवार

चाळीसेक माणसं. वर्तमानपत्राचा फोटोवाला. रखवालदार डोनट वाटत होता. म्हातारा आधीच आलेला, जाळीची हॅट घालून. मान सुजलेली, मनगटावर डंखांचे फोड. "हातमोजे विसरलो," एवढंच म्हणाला.

मी पेट्यांकडे पाहतच नव्हते. मग कुणीतरी ओरडलं — "अरे, बाजूला व्हा!"

पुढच्या पेटीच्या दारात माश्या. येतायत, जातायत. म्हाताऱ्याने झाकण उचललं, आतली मेणाची चौकट उपसून उन्हात धरली. काळी, जिवंत, थबथबलेली! लोक हसत, किंचाळत मागे पळाले. फोटोवाला कुंपणावरून पलीकडे पडला. बाकीच्या पेट्या उघडा म्हणायला कुणी थांबलंच नाही.

टॉलिव्हरने बाईंपुढे डोनटचा खोका धरला. "मध लावून देऊ?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बसमध्ये पोरगं ओकलं की बघत असतील तसं.

थवा असणार! या दिवसांत रानात थवे उठतात, जुन्या मेणाच्या वासाने रिकाम्या पेटीत शिरतात. हे मला माहीत होतं. कसं आठवलं नाही? रानातल्या माश्यासुद्धा कॅरिगनच्याच!

गाडीशी बाईंनी विचारलं, "खोटं बोललीस की चुकलीस, एवढंच सांग."

मी त्यांच्या गाडीचं दार लावून दिलं.

४ मे, शनिवार

काउंटीत मतदार साठ हजार. मतं पडली बाराशे. टॉलिव्हर सातशे नव्वद, बाई चारशे दहा.

बाई बावीस फळ्या गोळा करत फिरल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, मला सवय आहे, शेवटच्या स्टॉपपर्यंत एकटीच असते." व्हॅन हलव म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ मे, सोमवार

म्हाताऱ्याने कॅरिगनकडे पाठवलं, माश्यांना पाणी ठेवायला. सगळ्या पेट्या उघडल्या. एकीत नाही, सहाही पेट्यांत माश्या. तीन पेट्यांत राणी दिसली. तिन्हींच्या पाठीवर हिरवा ठिपका.

परत आले ती थेट स्वयंपाकघरामागे गेले. गवतावर सहा पिवळे चौकोन. लिओनाच्या पेट्या नाहीत.

आणि सीटखालची वही आठवली.

म्हातारा मागच्या दारात उभा होता, हातात कॉफी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,

"दारं उघडी आहेत ना, पोरी? मी घाईत होतो."