डोळा लागला नव्हता

३ फेब्रुवारी

लेकीने माझ्या गाडीत यंत्र बसवलं. मला न विचारता. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही म्हणे. समोरच्या काचेखाली एक काळा डोळा आहे. तो माझ्याकडे बघत राहणार आणि मला झोप आली की बोलणार. वर लेकीच्या मोबाइलवर चुगली करणार. मी त्याचं नाव चोंबडी ठेवलं आहे.

निमित्त काय, तर मागच्या आठवड्यात सिग्नलला माझा डोळा लागला. असं ह्यांचं म्हणणं. डोळा लागला नव्हता. मी डोळे मिटून विचार करत होते. मुख्याध्यापिका असताना मी सगळे मोठे निर्णय डोळे मिटूनच घेतले. तेव्हा कोणी यंत्र बसवलं नाही.

अट अशी: महिनाभर चोंबडी फार बोलली नाही, तरच ५ मार्चला ताईकडे गाडी घेऊन जायचं. नाहीतर बसने. सहा तारखेला ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दोनदा पुढे ढकललं, कारण ताई घाबरते आणि दुसऱ्या कोणाबरोबर जायला तयार नाही. तू गाडी घेऊन दारात उभी राहा, मग मी मुकाट्याने बसते, असं तिने सांगितलं आहे. मी शब्द दिला आहे. बसने जाऊन हा शब्द पाळता येत नाही.

अट मान्य केली. मला कसली भीती.

४ फेब्रुवारी

चोंबडी बोलली नाही. यंत्र चांगलं दिसतंय.

५ फेब्रुवारी, सकाळ

चोंबडी बोलली. नातीला सोडताना, शाळेच्या फाटकासमोरच्या रांगेत. 'थकवा जाणवतो आहे. कृपया विश्रांती घ्या.' असा गोड आवाज मी फक्त उशिरा येणाऱ्या शिक्षिकांच्या तोंडून ऐकला आहे.

मी थकलेली नाही. पहाटे उठते, डबे करते, ह्यांना गुडघ्याच्या व्यायामाला नेते, नातीला शाळेत सोडते, आणते, मध्ये बँक, भाजी, ताईच्या डॉक्टरांना फोन. थकायला वेळ कुठे आहे? बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. थकवा येतो तो शरीराला. मनाला येतो तो आळस. यंत्र बनवणाऱ्यांनी आधी कोणाला तरी विचारायचं होतं.

संकल्प: उद्यापासून डोळे मोठे ठेवून गाडी चालवायची.

६ फेब्रुवारी

डोळे मोठे ठेवले. चोंबडी गप्प. नातीने विचारलं, आजी, माझ्यावर रागावलीस का? ह्यांनी विचारलं, पोटात दुखतंय का? चौकात पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाला, मावशी, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, माझं ठीक आहे, तुझा पट्टा वाकडा आहे. त्याने सरळ केला.

९ फेब्रुवारी

चोंबडीला दुसरीही खोड आहे. गाडी जोरात थांबवली की म्हणते, 'तणाव जाणवतो आहे. खोल श्वास घ्या.' तणाव माझा नव्हता, समोरच्या टेम्पोचा होता. इशारा न देता वळला. पुढच्या सिग्नलला उतरून त्याला चार गोष्टी समजावल्या. ओरडले नाही. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला पाहिजे, ही जुनी सवय. टेम्पोवाला म्हणाला, बाई, तुमचं सगळं पटलं, पण सिग्नल सुटून परत लाल झाला. मागे सगळे हॉर्न वाजवत होते. लोकांना हल्ली तणाव फार.

गाडीत येऊन बसले तर चोंबडी पुन्हा म्हणाली, खोल श्वास घ्या. तिलाही उत्तर दिलं. नात मागे बसून ऐकत होती.

१० फेब्रुवारी

वर्गशिक्षिकेचा लेकीला फोन. नात शेजारच्या मुलाला म्हणाली म्हणे, लायसन्स कोणी दिलं रे तुला, गाढवाने? असले शब्द कुठून शिकतात कोण जाणे. मोबाइलवर काहीही दाखवतात.

१४ फेब्रुवारी

आज ह्यांच्याबद्दल. शेजारी बसतात, एका हाताने वरची दांडी धरतात आणि सारखा पाय दाबतात. तिथे ब्रेक नाही. रबरी मॅट आहे आणि तिला भोक पडलं आहे. आज विचारलंच, कशाला दाबता? म्हणाले, दाबला की बरं वाटतं. मी त्यांना समजावलं की मानसशास्त्रात ह्याला भ्रम म्हणतात. ज्याच्या हातात काही नसतं, त्याला पायाखाली तरी काही हवं असतं. म्हणाले, खरं आहे. आणि पुन्हा दाबला.

पूर्वी तेच चालवायचे. बरी चालवायचे, पण फार हळू. कोणालाही पुढे जाऊ द्यायचे. मी शेजारी बसून सूचना करायचे. एके दिवशी भर रस्त्यात उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, सूचना आणि स्टिअरिंग एकाच ठिकाणी असलेलं बरं. त्यांना माझं ड्रायव्हिंग आवडलं असणार.

१९ फेब्रुवारी

चोंबडी आज सकाळपासून मोकाट. लेकीचा फोन, आई, रात्री झोपतेस की नाही? म्हटलं, पुरेशी झोपते. हे मागून मोठ्याने म्हणाले, कसली झोपते, ताईंच्या काळजीने नुसती कूस बदलत असते. मी काळजी करत नाही. योजना करते. योजना आडवं पडल्यावरच सुचतात.

यंत्र बिघडलं आहे, हे उघड आहे. ते बसवणाऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली. तो तपासत होता तेवढ्यात मी बाकावर डोळे मिटून विचार केला. त्याने हाक मारली तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि माझ्या शेजारी गार झालेला चहा. यंत्रात काही बिघाड नाही म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, काकू, घरचं कोणी न्यायला येईल का? त्याला वाटलं मी झोपले होते. चोंबडीच्या संगतीत राहून माणसंही तशीच होतात.

२५ फेब्रुवारी

लेक घरी येऊन बसली. अट मोडली, आता बसने जायचं, तिकिटं मी काढते. वर म्हणाली, आई, तुझ्या गाडीत माझी मुलगी बसते. हे बोलणं मला लागलं. मी म्हटलं, बरं.

बरं म्हणजे हो नव्हे. इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढून हे तिला कळत नाही.

ताईला फोन केला. बसचं नाव काढताच म्हणाली, मग राहू दे, मी पुढची तारीख घेते, मला दिसतंय तसं बरंच. काय दिसतंय ते माहीत आहे. परवा पातेलं समजून ओट्यावर दूध ओतलं. शेजारणीने सांगितलं. म्हटलं, ताई, तयार राहा. गाडीच येईल.

५ मार्च, पहाट

निघतो आहोत. प्रथमोपचाराच्या डब्यातली चिकटपट्टी चोंबडीच्या डोळ्यावर लावली. ही फसवणूक नव्हे. परीक्षेत शेजारचा आपल्या पेपरात बघायला लागला तर आपण हात आडवा धरतोच. ह्यांनी पाहिलं. दांडी धरून बसले.

५ मार्च, संध्याकाळ, ताईकडे

पोचलो.

पट्टी लावल्यावर चोंबडी गप्प बसेल असं वाटलं होतं. उलट दर थोड्या वेळाने म्हणायला लागली, 'चालक दिसत नाही.' लेकीचा फोन. बसऐवजी गाडी? कोण चालवतंय? म्हटलं, मी. म्हणाली, यंत्र म्हणतंय कोणीच नाही. म्हटलं, यंत्राला मोतीबिंदू झाला आहे, आणि ह्यांना फोन बंद करायला लावला.

दुपारचं ऊन. सरळ, मोकळा हायवे. अशा रस्त्यावर विचार चांगले होतात. ताईला आत नेलं की बाहेर कुठे बसायचं, ती बाहेर आल्यावर तिला मी पहिली दिसले पाहिजे, असा विचार करत होते. मग चाकांखाली खडी वाजली. ह्यांनी माझं नाव घेऊन हाक मारली. एवढ्या संसारात एकदाही माझ्या नावाने ओरडले नव्हते. पाहिलं तर स्टिअरिंगवर माझे दोन हात होते आणि त्यांचा एक. गाडी थांबली तेव्हा मैलाचा दगड बंपरपासून हातभर लांब होता.

गाडी जरा कडेला गेली, एवढंच. रस्त्याच्या इतक्या जवळ खडी टाकायला नको होती.

चोंबडी म्हणाली, 'चालक दिसत नाही.' ह्यांचा पाय अजून मॅटवर दाबलेला होता.

पाय मोकळे करायला मी उतरले. ते फेरा घालून माझ्या बाजूला आले आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी तोंडाने मागितली नव्हती, हे नोंदवून ठेवते.

पट्टी त्यांनी काढली. उरलेली वाट त्यांनीच चालवली. सायकलवाले पुढे जात होते. चोंबडी एक अक्षर बोलली नाही. यंत्र पक्षपाती आहे, हे ह्यावरून सिद्ध होतं.

ताई दारात उभी होती. तिला नीट दिसत नाही. मी चटकन उतरले, वळसा घालून चालकाच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ताई, आले बघ. म्हणाली, मला माहीत होतं तू आणशीलच. हे मागे सामान काढत राहिले.

६ मार्च

ऑपरेशन नीट झालं. ताई मुकाट्याने गेली. आत जाईपर्यंत माझा हात सोडला नाही, नर्सने सोडवला. मी बाहेर बाकावर पूर्ण वेळ जागी होते. बाहेर आल्यावर तिला मी पहिली दिसले. म्हणाली, किती सुकलीस गं.

नजर यायला वेळ लागतो.

१० मार्च

ताईला घेऊन घरी. ती मागच्या सीटवर, ऑपरेशनच्या डोळ्यावरची पट्टी निघालेली. गाडी हे चालवत होते. तात्पुरती व्यवस्था. सूचना द्यायच्या नाहीत ही त्यांची अट, मी मान्य केली. पहिल्याच वळणावर समोरून ट्रक आला. सूचना दिली नाही. पाय दाबला. मॅटच्या भोकातून खालचा पत्रा लागतो.

बरं वाटतं.

हायवे लागला तसा डोळे मिटून विचार करायला घेतला. गाडी थांबलेली कळली तेव्हा ताई मागून म्हणत होती, मला एका डोळ्याने सगळी वाट दिसली, हिचे दोन असून काय उपयोग? हे हळूच म्हणाले, राहू द्या ताई. फार दिवसांनी झोपली आहे.

समोर आमचंच फाटक होतं. लेक दार उघडून उभी होती. तिने वाकून विचारलं, आई, प्रवास कसा झाला?

म्हटलं, माहीत नाही. डोळा लागला होता.