उजव्या बाजूचा मागचा टायर

आयोवा, ता. ११ जून

ती. थेल्माताईस,
व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, रुसून बसायला नव्हे.

बातमी अशी, की शनिवारी आपली डार्सी जिंकली. सहा वर्षं मोटारशर्यतींच्या त्या मातीच्या ट्रॅकवर पोरीनं धूळ खाल्ली, परवा पहिल्यांदा बाकीच्यांना चारली. टायरचा नियम मी लिहिला नसता तर हे घडलं नसतं, असं मी म्हटलं तर तू हसशील. पण पैसेवाले दर शर्यतीला मातीत पकड घेणारे मऊ रबराचे कोरे टायर चढवायचे, एकेक दोनशे डॉलरचा. धान्याच्या गोदामात राबणाऱ्या डार्सीनं कुठून आणायचे? आता सगळ्यांना एकच कडक टायर, आणि त्याला औषध लावून मऊ करायला बंदी. जिंकलेल्या गाडीच्या टायरचा तुकडा प्रयोगशाळेत तपासायला जातो. तपासनीस मीच, म्हणून तिचाही मीच कापला. सगळे चिडवत होते, की लेकीचा आहे, जरा जपून काप.

गुडघ्याची काळजी घे. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
व्हर्लिन


नेब्रास्का, ता. २० जुलै

चि. व्हर्लिनास अनेक आशीर्वाद.

महिना झाला, तुझी ओळ नाही. शेवटी डार्सीला फोन केला. म्हणाली, तुकड्यात औषध सापडलं, बक्षीस गेलं, वर्षभर बंदी, आणि कागदावर सही बाबांची. आपण काहीच लावलेलं नाही, असं ती शपथेवर सांगते. तिची आई गेल्यावर चार वर्षं ती माझ्याकडे होती. तिचं खोटं मला फोनवरही कळतं. हे खोटं नव्हे.

मग सही का केलीस? जा, शर्यतीच्या समितीला पुन्हा विचार करायला लाव. हट्टात तू अगदी आपल्या वडिलांवर गेलास.

रागानं लिहिलंय, तरी लिहिलंय हे लक्षात घे.

तुझी,
थेल्मा


आयोवा, ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

पोरगी खरं बोलते. ज्याचा तुकडा कापला, तो उजवा मागचा टायर मीच आणून दिला होता. नव्याला पैसे पुरेनात, म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एकाकडून वापरलेला घेतला, निम्म्या किमतीत. त्यानं आधीच त्यात औषध मुरवलेलं. जाऊन विचारलं तर हसला.

समितीपुढे सगळं सांगितलं. त्यांनी मला नियम वाचून दाखवला. टायर कुठूनही आलेला असो, ज्याच्या गाडीवर सापडेल तो दोषी. पळवाट राहू नये म्हणून ते वाक्य मीच घातलं होतं.

मग डार्सीकडे गेलो. ती मक्याची कणसं सोलत होती. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा, सही करण्याआधी एकदा मला विचारायचं होतंत."

मी शेजारी बसून उरलेली कणसं सोलली.

तिनं गाडी विकली. समितीनं पुढच्या वर्षापासून नियमच काढून टाकला. तपासणीचा खर्च झेपत नाही म्हणे. आता ज्याला परवडेल त्यानं हवा तो टायर लावावा. मी तिथलं काम सोडलं. शनिवारी गाड्यांचा आवाज घरापर्यंत येतो, तेव्हा खिडक्या लावून घेतो.

डार्सी मिनेसोटात गेली. पत्ता तुला दिला असेल, तर मला कळवू नकोस. तिनं दिला तरच घेईन. पण ती बरी आहे, एवढं अधूनमधून लिहीत जा.

तुझा,
व्हर्लिन