चिठ्ठी नसलेला पंखा

बार्सेलोना, स्पेन
दि. २० एप्रिल १९६२

ती. सौ. इंदुताईस,
पुंडलिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी यादी मिळाली. भाऊजींची मिळाली. वडिलांचा मान म्हणून नानाजींची यादी तीन पानी, ती तर बोरी अरबहून माझ्याआधीच निघाली असावी. सरकारने मला सूतगिरणीची यंत्रं शिकायला सहा महिने पाठवलं आहे. आपल्या घरचा समज असा की मी बाजार करायला आलो आहे.

तर बाजाराचंच सांगतो. बंदरावरून शहरात एक रुंद, झाडांचा रस्ता जातो. त्यावर सगळे परके फिरतात आणि सगळे फसतात. तिथे काही घ्यायचं नाही, खिशावर हात ठेवून फुलं बघायची. डाव्या हाताला मोठी मंडई आहे, पण त्यातलं निम्मं आपल्याला खायला चालत नाही. खरी दुकानं उजवीकडच्या जुन्या बोळांत. एकीकडे नुसते हातमोजे, दुसरीकडे टोप्या, पुढे सुतळीच्या तळाच्या चपला. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, कारण मालक जेवून झोपतात. घासाघीस चालत नाही. मी एकदा करून पाहिली, तेव्हा दुकानदाराने शांतपणे उठून मला दार उघडून दिलं.

भाऊजींना हॅट घेतली. ती घालून यवतमाळच्या कचेरीत बसण्याचं धाडस त्यांनी करायचं आहे. नानाजींना तंबाखूची चामडी पिशवी आणि तुला कोकराच्या कातड्याचे हातमोजे.

घरची मंडळी खुशाल असतील. दूरच्या भावावर माया पातळ करू नकोस.

तुझा
पुंडलिक

---

यवतमाळ
दि. ८ मे १९६२

चि. पुंडलिकास,
इंदूचे अ. उ. आ.

हातमोजे पाहून ह्यांना हसू आवरणार नाही. यवतमाळच्या मे महिन्यात मी ते घालून पापड लाटीन म्हणते.

मागच्या आठवड्यात तुझं पत्र घेऊन बोरीला गेले होते. नानाजी ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचत होते आणि दहा माणसं ऐकत होती. बार्सेलोनात टोपी कुठे घ्यावी, हे आता बोरी अरबात प्रत्येकाला पाठ आहे. त्यातला एकही दारव्ह्याच्या पलीकडे जायचा नाही, ही गोष्ट वेगळी. दुकानदार दुपारी झोपतात हे ऐकून सगळ्यांना तो देश एकदम घरचा वाटला. मात्र भाव कमी करत नाहीत तर मंग बाजाराले जायचं कायले, असं नानाजींनी विचारलं.

आता ज्यासाठी लिहिते ते ऐक. वाचन चालू असताना तुझी बायको स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते. पहिल्या पत्राला उभी होती, सातव्यालाही होती. पत्र संपलं की भाकरी थापायला बसते. सात पत्रांत भागीरथेच्या वाट्याला ‘घरची मंडळी’ एवढेच शब्द आले, आणि त्या मंडळीत आपल्या दोन म्हशीही येतात. बायकोला वेगळं पत्र लिहायची आपल्यात रीत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण लग्नाला तीन वर्षं झाली, बाबा.

तिचा भाऊ उमरखेडहून दोनदा न्यायला येऊन गेला. तिनं मला सांगितलं की ताई, आता माह्या नावानं एक ओळ आली त राहीन, नाही त जाईन. अन् गेली त कोणी न्यायले आलं तरी येनार नाही. ती फार बोलत नाही, म्हणूनच मला भीती वाटते. एक ओळ लिही. तेवढी शाई स्पेनमध्ये मिळत असेल.

आम्हा सर्वांचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी ताई
इंदू

---

बार्सेलोना
दि. २४ मे १९६२

ती. सौ. इंदुताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान तापले. पण त्याआधीच मी व्यवस्था केली आहे. माझ्याबरोबर शिकायला आलेला पुसदकडचा फुलसिंग राठोड बारा तारखेला बोटीने निघाला. त्याच्याबरोबर सगळ्यांच्या वस्तूंची ट्रंक दिली. तो बंजारा, त्याच्या पूर्वजांनी बैलांवर मीठ वाहिलेलं. ट्रंक उचलताना तो म्हणाला की आमचे आजोबा निदान भाडं तरी घेत होते.

त्या ट्रंकेत तिच्यासाठी पंखा आहे. काळ्या लाकडाच्या काड्यांचा, मिटणारा, रेशमावर गुलाब रंगवलेले. जुन्या बोळातल्या एका म्हातारीचं दुकान आहे, तिथे तीन शनिवार गेलो. पहिले दोन शनिवार नुसता बघून परत आलो. कुणासाठी हवा, असं म्हातारी खुणेने विचारत होती, आणि मला स्पॅनिशमध्ये ‘बायको’ म्हणता येईना. खरं सांगायचं तर मराठीतही मी कधी चारचौघांत म्हटलेलं नाही.

सगळ्या वस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, पंख्यावर तेवढी लावली नाही. ट्रंक नानाजींच्या पुढ्यात उघडणार, तिथे तिचं नाव लिहिणं बरं दिसलं नसतं. शिवाय एकच वस्तू बिननावाची, म्हणजे ती कोणाची हे शेंबड्या पोरालाही कळेल. आता तुझी काळजी मिटली असेल.

रागावली असलीस तरी लोभातून वगळू नकोस.

तुझा
पुंडलिक

---

यवतमाळ
दि. ८ जून १९६२

चि. पुंडलिकास,
आशीर्वाद. उत्तम आहेत की नाहीत ते पुढे वाचून ठरव.

फुलसिंगभाऊंनी ट्रंक बोरीला पोचवली तेव्हा आम्ही दोघंही तिथे होतो. तुझं पत्र मात्र इथे यवतमाळला बंद दाराच्या आत येऊन पडलं होतं.

नानाजींनी एकेक चिठ्ठी वाचून वाटप केलं. ह्यांनी हॅट तिथेच घातली, तर एक म्हैस दावं तोडून पळाली. गड्याला त्याच्या नावाचा चाकू मिळाला, शेजारच्यांना कंगवे मिळाले. शेवटी पंखा निघाला. नाव नाही, म्हणजे घरच्या मालकाचा, असा नानाजींनी निकाल दिला. नवतप्याचं ऊन आग ओकत होतं, त्यामुळे त्यांनी तो लगेच उघडला. तेव्हापासून आपले वडील पांढऱ्या मिशा आणि लाल गुलाब असे ओसरीवर बसलेले असतात, आणि गाव बघायला येतं. शेंबड्या पोराला कळलं असतं रे. ट्रंक मोठ्या माणसांनी उघडली, तिथेच घात झाला.

मलाही कळलं नाही, हे कबूल करते. तिचं काहीच नाही म्हणून मी तुला मनात शिव्या देत बसले.

भागीरथा चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी ती उमरखेडच्या एस.टी.त बसली. नानाजींनी काहून चालली म्हणून विचारलं, तर आईले पाहाले जातो म्हणाली. लुगड्यांची पेटी मात्र पूर्ण घेऊन गेली.

पुंडलिक, गड्याचं नाव चाकूवर लिहिताना तुझा हात अडला नाही. तिचंच लिहिताना तुला लाज आठवली. मला तुझा फार राग आला आहे, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. नानाजींना मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते पंखा लगेच देतील, पण मागून घेतलेली वस्तू ती हातात धरणार नाही. मी उमरखेडला जाऊन तिला खरं ते सांगून येते. तू तिला पत्र लिही. पाकिटावर तिच्या वडिलांचं नाव नको, भावाचं नको, तिचं घाल.

माझी माया आहे तशीच आहे. तिची किती उरली, ते तिला विचार.

इंदू

---

उमरखेड
दि. ९ जुलै १९६२

सा. न. वि. वि.

नवऱ्याला लिहायचा मायना वहिनीला विचारला. तिलाही माहीत नाही. म्हणून परक्या माणसाला चालतो तोच घातला आहे.

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमनने माझं नाव मोठ्याने वाचलं, तर भाऊ म्हणाला की चुकून आलं असेल. चार पानं होती. त्यातली साडेतीन दुकानांची. दुसरा पंखा कुठे चांगला मिळेल, जाळीची ओढणी घेऊ की चपला, चपलांसाठी पावलाचं माप कसं पाठवायचं. उरलेल्या अर्ध्या पानात एकदा ‘माझं चुकलं’ असं आहे. ती ओळ मी पुष्कळदा वाचली. बाकीची वहिनीला दिली, तिला बाजाराची आवड आहे.

पंख्याचं इंदुताईंनी येऊन सांगितलं. तो नानाजींकडेच राहू द्या, त्यांना उकाडा सोसत नाही. मला दुःख पंख्याचं नाही. एकेक नाव वाचलं जात होतं, आणि आता माझं येईल म्हणून मी कप धरून उभी होते. कप वाटले, रिकामे होऊन परत आले, तरी उभी होते. तसं उभं राहणं मला पुन्हा जमणार नाही.

म्हणून माझ्यासाठी काही घेऊ नका. सप्टेंबरात मुंबईला उतराल, तेव्हा बोरीला नंतर जा, आधी इथे या. गडी पाठवू नका, इंदुताईंना पाठवू नका. आमच्या दारात बाबा बसलेले असतात, आणि समोरच्या दुकानात चारजण असतातच. त्यांच्यासमोर उभं राहून मला नाव घेऊन हाक मारा. पहिल्या हाकेला मी ओ देणार नाही. दुसरी मारायची तयारी ठेवून या.

लोभ असेल तर तो मोठ्याने कळावा, ही विनंती.

भागीरथा